जमादाराची आगोट

परवा बाजारपेठेतल्या किराणा दुकानात नाचणी घेत उभा होतो. शेजारी एक तरुण गृहस्थ येऊन उभे राहिले. अंगात इस्त्रीचा कोट, पायांत करकरणारे नवे बूट, हातात पितळेचा पिंजरा आणि पिंजऱ्यात हिरवागार राघू. बदली होऊन नुकतेच आलेले असणार. रत्नागिरीचा माणूस या दिवसांत असले बूट बाहेर काढीत नाही. त्यांनी ज्वारी मागितली. नव्हती. मग राघूसाठी करडई मागितली. दुकानदाराने पुडीला दोरा गुंडाळत, मानही वर न करता सांगितले, "करडई? आता नारळीपुनवेनंतर."

राघूने मान वाकडी करून दुकानदाराकडे पाहिले. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले. आणि मी, पन्नाशीला टेकलेला, सभ्य, सरकारी नोकर, भर दुकानात टाळी वाजवून हसलो. त्या बिचाऱ्यांना वाटले असेल, गावात वेडेही मोकळे फिरतात. त्यांचे फारसे चुकले नाही. पण मी त्यांना हसत नव्हतो. मला बारा वर्षांपूर्वीचा एक तारमास्तर त्याच फळीपाशी उभा दिसत होता. त्याच्या हातात पिंजऱ्याऐवजी सुंभाची दोरी होती आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला जमादार होता.

जमादार आमचा कुत्रा. बार्शीकडच्या एका धनगराने तो पिल्लू असताना माझ्या पत्नीच्या ओटीत टाकला होता. तांबूस रंग, रुंद छाती आणि ओठांवर दोन्ही बाजूंनी झुकलेल्या पांढऱ्या मिशा. दारात येणाऱ्या प्रत्येकाची तो हुंगून तपासणी करी, म्हणून जमादार. माझी बदली रत्नागिरीला झाली तेव्हा नातेवाइकांनी एकमुखाने सल्ला दिला की कुत्रा इथेच ठेवा. तिकडे दमट हवा, तिकडे भात, तिकडे साप. मला एकमुखाने सल्ला मिळाला म्हणजे माझे डोके उलटेच फिरते. जमादार कोल्हापुराहून आंबा घाटाच्या मोटारीने आला, टपावरच्या कणगीत बसून, मिशा वाऱ्यावर सोडून. आम्ही आत बसून ओकत होतो.

समुद्र पाहिल्याबरोबर त्याने त्याच्यावर भुंकायला सुरुवात केली. अर्धा तास भुंकला. आजवर त्याच्या भुंकण्याने बैल थांबले होते, टांगे थांबले होते, एकदा एक वरात थांबली होती. समुद्र काही थांबला नाही. हा अपमान त्याने मनात ठेवला.

आम्ही उतरलो ते आगोटीच्या ऐन धामधुमीत. आगोट म्हणजे पावसाच्या तोंडावरचे दिवस. पंचांगात हा ऋतू नाही, पण कोकणातल्या घराघरात आहे. पुढच्या तीन महिन्यांत आगबोट येणार नाही, गलबते येणार नाहीत, घाटात दरड कोसळली की मोटारही येणार नाही. म्हणून मीठ, मिरची, गूळ, कांदे, लाकडे, सुकी मासळी, जे जे लागेल ते सगळे आधी घरात भरायचे. पडवीला नारळाच्या विणलेल्या झावळ्यांच्या, म्हणजे झापांच्या, झडी बांधायच्या. होड्या वर ओढायच्या. सगळा गाव मुंग्यांसारखा धावत असतो, आणि त्या धावपळीचा एक वास असतो: वाळलेल्या कोकमांचा, नव्या झापांचा, उन्हात तापलेल्या मिठाचा. अजूनही तो वास आला की माझ्या कपाळाला आठी पडते, आणि तिच्यामागोमाग हसू येते.

आमच्या आळीतली ही पळापळ पाहून पत्नी म्हणाली, "अहो, इतक्या घरी एकदम लग्नं कशी काय?"

घरमालक आबा अंगणात उभे राहून लाकडे रचून घेत होते. आबा म्हणजे उंच, गोरे, तुळतुळीत डोक्याचे, शेंडीपुरते चार केस बाळगून असलेले गृहस्थ. बोलणे नाकातून आणि नेमके. त्यांनी विचारले, "तारमास्तर, आगोट भरलींत कीं नाहीं?"

मी ऐटीत म्हणालो, "आमच्याकडे दर आठवड्याला बाजार भरतो, आबा. लागेल तसं आणू."

आबांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे डॉक्टर काही आजाऱ्यांकडे पाहतात. आणि पुन्हा लाकडांकडे वळले. ते बोलले असते तरी मी ऐकले नसते, हे आज कबूल करतो. बार्शीच्या माणसाला बाजार म्हणजे सूर्य. उद्या उगवणार नाही असे कोणी सांगितले तर तो हसणारच.

पाऊस कसा आला ते मी लिहिणार नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कोणालाही त्या दिवसांत कुत्र्याची दोरी वाळवावी लागलेली नाही. एवढेच सांगतो की आठवड्याभरात बाजार मावळला. कंदिलाची काच तडकली. नारळीपुनवेनंतर. छत्रीचे कापड फाटले. नारळीपुनवेनंतर. जोंधळे? दुकानदाराने विचारले, "ते कशाला? पाखरं पाळलीत का?" आणि वर, नारळीपुनवेनंतर. मला त्या पुनवेचा इतका राग आला की मी भिंतीवरच्या पंचांगातले ते पान दुमडून टाकले.

जमादार जन्मापासून जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेला. आम्ही आणलेले पीठ संपले तेव्हा पत्नीने शेजारणीकडून शिकून नाचणीची भाकरी केली. काळीसावळी, वर्तुळाकार, सुरेख. जमादाराने ती हुंगली आणि तिच्याकडे पाठ करून बसला. दुसऱ्या दिवशी भात. पाठ. तिसऱ्या दिवशी पेज. पाठ.

"जमादारांनी सत्याग्रह मांडलाय," पत्नी म्हणाली.

"मग सरकारनं काय करावं?"

"सरकारनं आपली भाकरी त्याच्यासमोर बसून खावी."

चौथ्या दिवशी आम्ही दोघे त्याच्यासमोर जमिनीवर बसून नाचणीची भाकरी, कोकमाचे सार आणि लसणीची चटणी असे मिटक्या मारून जेवलो. खरे सांगतो, आम्हालाही ती तोवर आवडत नव्हती. त्याला दाखवण्यासाठी मिटक्या मारता मारता आवडू लागली. जमादारही हळूच वळला. त्या दिवशी आमच्या घरात तीन जीव एकदम कोकणात आले.

पण अंगाने तो अजून देशावरच होता. आषाढात त्याच्या पाठीवरचे केस गळू लागले. आधी अठन्नीएवढा डाग, मग पुरीएवढा, मग अर्धी पाठ. लूत. दिवसभर खाजवी, ओल्या पडवीत तडफडे, आणि माझ्याकडे असे पाही की या हवेचा बंदोबस्त मीच करायला हवा होता. मी गंधक शोधत फिरलो. गंधक कुठून येते? मुंबईहून. कशाने? आगबोटीने. कधी? पुढचे तुम्हीच म्हणा. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "मास्तर, इथं माणसांची रांग बघा, नि जा." गुरांना औषध देणाऱ्या म्हाताऱ्याने बैलाचा काढा दिला. तो काढा जमादार प्यायला नाही, पण कढताना त्याचा वास घेऊन माझे डोके दोन दिवस दुखले.

आधीच तारमास्तर म्हणजे अपशकुन. त्या काळी तार आली म्हणजे घरात कोणीतरी गेले, असेच लोक धरून चालत. त्यात मी लूत लागलेला कुत्रा घेऊन फिरू लागलो. आळीत दारे लागल्याचे आवाज माझ्यापुढे पुढे धावत.

आबा एका सकाळी पडवीत आले. मागे त्यांचा गडी, हातात दोरी.

"तारमास्तर, गोठ्यांत माझीं वासरें आहेत. हें कुत्रें इथें राहणें नाहीं. गडी त्याला भाट्याच्या खाडीपार सोडून येईल."

"खाडीपार? या पावसात, असल्या अंगानं? मरेल तो, आबा."

"तें मी कसें सांगणार?"

आबा दुष्ट नव्हते. वासरांची काळजी खरी होती, हे तेव्हाही मला कळत होते, आणि म्हणूनच जास्त संताप येत होता. दुष्ट माणसाशी भांडणे सोपे असते. मी गड्याच्या हातातली दोरी घेतली आणि नाटकात राजा सिंहासनावरून उठतो तसा उठलो. "आबा, कुत्रा आजच बाहेर जाईल. पण खाडीपार नाही. आणि तो परत येईल."

"अंगभर केस येऊंदेत, मग खुशाल आणा," आबा म्हणाले. आपण अशक्य अट घातली याबद्दल ते निश्चिंत होते.

बाहेर तर पडलो. पण कुठे जायचे? राजाला सिंहासनावरून उठल्यावर पडदा पडण्याची सोय असते. मी पावसात भिजत मांडवीच्या किनाऱ्यावर पोचलो. कोणीतरी कधीतरी सांगितले होते की समुद्राच्या पाण्याने खरूज जाते. मी जमादाराला ओढत लाटांकडे नेऊ लागलो. तो चारही पाय वाळूत रोवून समुद्रावर भुंकत होता. एवढ्यात मागून आरोळी आली.

"ओ मास्तर! काय करताव? खारं पानी नका घालू तेच्यावर!"

वाळूत वर ओढून ठेवलेल्या एका मचव्याच्या, म्हणजे मोठ्या शिडाच्या होडीच्या, झापांतून भिकू तांडेलचे डोके बाहेर आले होते. भिकू म्हणजे साठीचा, काळा कुळकुळीत, उभे आयुष्य मचवा हाकलेला माणूस. मुंबईच्या गोदीत असलेल्या त्याच्या मुलाच्या तारा मीच त्याला वाचून दाखवीत असे. त्यांतली एकही वाईट बातमीची नव्हती, म्हणून अख्ख्या रत्नागिरीत मला पाहून हसणारा तो एकटाच.

त्याने जमादाराला जवळ घेतले, पाठीवरून अंगठा फिरवला आणि मचव्याकडे बोट दाखवले.

"आगोटीला आमी हिला काय करताव, म्हायती हाय?"

"वर ओढता."

"मंग?"

"शाकारता."

"तसं नाय. आदी खरवडायची. मंग सुकवायची. मंग तेल पाजायचं, लाकूड नको म्हनंस्तवर. आनि मंग शाकारायची. तुमी ह्या कुतऱ्याला ह्यातलं काय केलंत?"

मी विचार केला. "काहीच नाही. नुसता पावसात ठेवला."

"मंग तो कुजंल नायतर काय व्हईल?" भिकू म्हणाला. "द्या हिकडं."

पुढचा महिनाभर जमादाराची आगोट झाली. म्हणजे जी आम्ही मे महिन्यात करायला हवी होती ती आषाढात, आणि माणसांच्या आधी कुत्र्याची. भिकूने नारळाच्या सोडणाने, म्हणजे वरच्या सालीने, त्याचे अंग हलक्या हाताने खरवडले. मचव्याच्या पोटाखाली नारळाच्या करवंट्यांची धग ठेवून सुकवले. मग कोमट करंजेल, कापूर घालून. रोज. लाकूड नको म्हणेस्तोवर. खाली सुका काथ्या, वर झापांचे छप्पर. पहिल्या दिवशी जमादाराने भिकूच्या मनगटाला दात लावले. भिकूने मनगटावरही करंजेल चोळले आणि काम पुढे चालू ठेवले.

त्या करंजेलाच्या वासाबद्दल काय सांगू? कडू, उग्र, नाकात घर करून राहणारा. माझ्या धोतराला तो लागला, टोपीला लागला, तारेच्या कागदांना लागला. कचेरीत लोक नाक मुरडू लागले. मी मुद्दाम जवळ जाऊन बोलू लागलो.

मी कामावर असलो की जमादाराची भाकरी घेऊन पत्नी मांडवीला जाई. डोक्यावर इरले, काखेत फडक्यात बांधलेली भाकरी, गुडघ्यापर्यंत चिखल. आळीला हे औषधापेक्षाही कडू लागले. एकदा आबांनी तिला फाटकातच थांबवले.

"बाई, खलाशांच्या वस्तींत रोज जातां. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतात, बाईंच्या अंगाला करंजेलाचा वास येतो," ती म्हणाली. "खरंच आहे, आबा. तुम्हालाही आणू थोडं? सांधे दुखतात ना तुमचे?"

आणि पुढे चालू पडली. मला हे तिने सांगितले नाही, आबांच्या गड्याने सांगितले, पोट धरधरून.

त्या पावसाळ्यातल्या दुपारी मला सगळ्यांत स्पष्ट आठवतात त्या मचव्याच्या पोटातल्या. झापांवर पाऊस वाजतो आहे. आत कोरडे, तेलकट, ऊबदार आणि अंधुक. भिकू जाळे विणतो आहे, पत्नी त्याच्या बायकोकडून सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, जातींची नावे शिकते आहे, जी आम्ही शाकाहारी माणसे जन्मात खाणार नव्हतो. जमादार तेलाने चकचकीत, जिवंत मूर्तीसारखा पसरलेला. मी तेव्हा स्वतःला विचारी, परके गाव म्हणजे नेमके काय? जिथे दुकानात आपली वस्तू मिळत नाही ते? मग या मचव्यात काय मिळत होते, ज्याचे नाव मला कोणत्याही दुकानात सांगता आले नसते? उत्तर सापडायच्या आधी भिकू ओरडे, "मास्तर, बसून काय ऱ्हायलाव? तेल चोळा!"

आणि केस आले. आधी मऊ लव, मग तांबूस, मग असे दाट आणि तुकतुकीत की बार्शीतही नव्हते. सगळीकडे आले. फक्त शेपटीवर नाही. शेपटी तेवढी सुंभाच्या दोरीसारखी राहिली.

नारळीपुनवेला ऊन पडले. अख्खा गाव मांडवीला लोटला. मचव्यांवरच्या झापा उतरल्या, फळ्या धुतल्या, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, झेंडूच्या माळा चढल्या. आबाही आले, हातात सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन. मी जमादाराला त्यांच्यासमोर उभा केला, आणि थोडे वाकून, हात पसरून म्हणालो, "आबा, अंगभर केस. शब्द पाळा."

आबांनी जमादाराभोवती एक प्रदक्षिणा घातली. जमादारानेही मान वळवून वळवून आबांची तपासणी केली. गर्दी जमली.

"शेपटीला नाहींत," आबा म्हणाले.

इथे मी गप्प बसायला हवे होते. खोली चांगली होती, विहीर दारात होती, माझी कचेरी जवळ होती. शेपटीचे केस महिनाभरात आले असते. हे सगळे मला त्या क्षणी स्पष्ट दिसले. आणि तरी माझी नजर आबांच्या चकचकीत डोक्यावर गेली आणि जिभेने माझ्याशी सल्लामसलत केली नाही.

"आबा, एवढ्याशा टकलासाठी माणसाला घराबाहेर काढायचं म्हटलं, तर आधी घरमालकापासून सुरुवात करावी लागेल."

किनाऱ्यावर असा हशा उठला की नारळ हातात धरलेले लोक वाळूत बसले. आबांचे डोके तांबडे झाले. "उद्यां बिऱ्हाड हलवा," ते म्हणाले.

"उद्या कशाला?" मागून पत्नीचा आवाज आला. "चूल विझलेली आहे. आज हलवतो."

मी तिच्याकडे पाहिले. आता मात्र मला भीती वाटली. परके गाव, डोक्यावर छप्पर नाही, दोरीला कुत्रा. भिकू तांडेल मचव्याच्या नाळेवरून खाली बघत होता.

"माजी जाल्यांची खोली हाय," तो म्हणाला. "आजपासून रिकामी. जाली चालली दर्यात."

एवढे बोलून त्याने हात वर केला आणि खलाशांनी मचवा ढकलायला जोर लावला. लाकडी ओंडक्यांवरून तो कुरकुरत, घरंगळत पाण्याकडे निघाला.

जमादाराने ते पाहिले. महिनाभर तो ज्याच्या पोटाखाली झोपला होता ते त्याचे घर उठून समुद्रात चालले होते. त्या समुद्रात, ज्याने त्याचे भुंकणे कधीच जुमानले नव्हते. त्याने एकदा माझ्याकडे बघितले. मग दोरीला असा हिसडा दिला की मी तोंडावर पडलो. डोके वर काढले तोवर तो लाटांत होता.

"खारं पाणी!" मी ओरडलो. "भिकू, खारं पाणी! धर त्याला!"

लाट त्याच्यावरून गेली. डोके दिसेना. पत्नीने माझा दंड पकडला, तिची नखे रुतली. मग फेसातून दोन पांढऱ्या मिशा वर आल्या. मचव्यावर भिकू हसत होता.

"वरडताव कशाला, मास्तर? तेल प्यालेलं लाकूड हाय तं. बुडायचं नाय!"

त्याने वाकून मानगूट धरले आणि जमादाराला वर ओढून घेतले. जमादाराने अंग झाडले, नाळेवर जाऊन चार पाय रोवले, आणि भुंकू लागला. समुद्रावर. आता त्याच्या डोक्यावर उभा राहून. केस नसलेली शेपटी ध्वजाच्या काठीसारखी वर.

जमादार त्यानंतर आठ पावसाळे जगला आणि प्रत्येक आगोटीला मचव्याबरोबर त्यालाही तेल लागले. तो गेला तो मचव्याखाली, कोरड्या काथ्यावर. दर मे महिन्यात आबांचा गडी एक रिकामी बाटली घेऊन मांडवीला येतो. कोणाच्या सांध्यांसाठी ते तो सांगत नाही. आम्ही विचारत नाही, बाटली काठोकाठ भरून देतो.

राघूवाल्या गृहस्थांना मी परवा दुकानातूनच घरी आणले. राघूला नाचणी घातली. राघूने पाठ फिरवली. मी त्यांना म्हणालो, अगदी बरोबर चालले आहे, चौथ्या दिवशी त्याच्यासमोर बसून जेवा.

आम्ही त्या दिवशी जाळ्यांच्या खोलीत उतरलो ते अजून तिथेच आहोत. मला देशावर परत बोलावणारे बदलीचे हुकूम आजवर दोनदा आले. तिसरा कालच आला आहे. पत्नीने विचारले, "काय कळवणार?" मी कागदावर करंजेलाचा डाग पडू नये म्हणून हात धोतराला पुसले, टाक घेतला आणि साहेबांना अदबीने लिहिले की प्रकृतीच्या कारणास्तव सध्या निघता येत नाही, नारळीपुनवेनंतर पाहू.